भेगेत गेलेला टाक

८ मार्च, रविवार
बाबाराव आबा सकाळी पारावर भेटले. त्यांचं शेततळं मंजूर झालं. ओढ्याकडच्या तुकड्यात, निंबाच्या खालच्या अंगाला. अक्षय्य तृतीया झाली की जेसीबी लावणार. सगळे म्हणाले, बरं झालं. मीही म्हणालो. चहा तसाच ठेवून घरी आलो.

त्याच तुकड्यात आमच्या मेंढ्या खतासाठी बसल्या होत्या. मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा. वैशाख असावा. जमिनीला भेगा अशा की माझा अख्खा हात आत जायचा. देवांची थैली थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या कमरेला. सकाळी बिऱ्हाड हलवताना उघडली, तर पाचांतला एक टाक नाही. घोड्यावरचा खंडोबा. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा चांदीचा पत्रा.

वडील मातीवर पालथे, हात खांद्यापर्यंत भेगेत, डोळे मिटलेले. एवढंच मला स्पष्ट दिसतं. अडलेल्या मेंढीचं कोकरू ओढताना ते असेच दिसायचे. मग उठले आणि आक्काला म्हणाले, "देव सापडल्याबिगर देवापुढं येऊ नको."

वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. शब्द राहिला.

९ मार्च, सोमवार
आक्का पालमहून माहेरी येते. भाकरी थापते, भांडते, हसते, माझ्या बायकोच्या डोक्याला तेल लावते. देवघरात पाऊल टाकत नाही. वडील गेल्यावर मी सोनाराकडून नवा टाक घडवून रांगेत बसवला, तिला बोलावलं. म्हणाली, "चांगला हाय. पण बा म्हणला तो ह्यो न्हाई."

तळं खोदलं की ती माती ट्रॉलीतून कुठं कुठं जाईल. मग तिला काय सांगू?

१३ मार्च, शुक्रवार
सेलूला जिनिंगवर कामाला. हंगाम संपत आला, गेटवर गाड्या थोड्या. दुपारी कापसाच्या गंजीत कुणाचा तरी पाना पडला. कापसात लोखंड राहिलं तर ठिणगी पडते, म्हणून काम थांबवलं. मुकादमाने लोखंड हुडकायची एक काळी कांडी आणून गंजीवरून फिरवली. कूं झालं. हात घातला, पाना.

मी पावतीपुस्तक हातात धरून तसाच उभा. गंजी पांढरी, रान काळं. एवढाच काय तो फरक, असं वाटलं.

१५ मार्च, रविवार
सेलूत सलीमभाईंच्या दुकानात बसलो. मोबाईल दुरुस्त करतात, पण जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्यांना मत असतं. त्यांना खरं काय ते सांगितलं. हसले नाहीत. मोबाईलवर जमिनीतला धातू शोधायचं एक पिवळं यंत्र मला आवडलेलं, ते दाखवलं.

"हा नको, गंगाधरभाई. खिलौना है. लोखंडाचं दार पुढ्यात आलं तरी विचारील, कोण हाय म्हणून."

आपली काळी माती स्वतःच यंत्राशी बोलते, असं ते म्हणाले. खडक झिजून झालेली, अंगात लोखंड. साधं यंत्र तिच्या बडबडीने वेडं होतं. ज्याला आधी मातीचा आवाज ऐकवून गप्प करता येतं, तेच घ्यायचं. म्हणजे पहिल्यांदा माती ऐकायची, मग मातीतलं. गाडीवर घरी येताना हेच डोक्यात फिरत होतं.

१७ मार्च, मंगळवार
व्हिडिओ बघतोय. परदेशातला एक म्हातारा हिरव्या गवतावर चालतो, गवताचा चौकोन कापून उचलतो, खालून नाणं काढतो, चौकोन परत बसवतो. माती लोण्यासारखी. त्याच्या अंगावर खिसेच खिसे. आपल्या रानात तो फावडं मारील आणि मनगट धरून बसेल.

विक्रेत्याला फोन केला. विचारलं, तळहाताच्या खळग्याएवढी पातळ चांदी किती खोल ऐकू येते? म्हणाला, वीतभर. नशीब असलं तर थोडं जास्त.

वडिलांचा हात खांद्यापर्यंत गेला होता.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
गुढी उभारली. आबांना नमस्कार करायला गेलो तेव्हा ते सहज म्हणाले, "ही जमीन लय इचित्र. दर साली दगड येचतो, दर साली नवे वर येतेत." उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, आतलं हळूहळू वर सारते. म्हणजे टाक इतकी वर्षं पडून नाही. चालतो आहे. वर येतोही असेल.

यंत्र मागवायचं ठरवलं.

२० मार्च, शुक्रवार
यंत्राच्या खालच्या टोकाच्या तबकडीचा प्रश्न. मोठी घेतली तर खोल ऐकते, पण शेजारी पडलेल्या दोन वस्तू तिला एकच वाटतात. लहान तबकडी वेगवेगळं ऐकते, पण वरवरचं. सलीमभाई म्हणाले, मधली घ्या, कव्हर लावून. पऱ्हाटीचे खुंट घासतील.

हेडफोन घ्यावेत की नाही? रानात कान झाकून चालणं मला बरं वाटत नाही, पण बारीक आवाज उघड्यावर वाऱ्यात जातो. घेतले. खड्ड्यात वस्तू नेमकी कुठं आहे ते दाखवणारी नारिंगी कांडीही घेतली. फावडं, हातमोजे, खिशांचं जाकीट नाही घेतलं. खुरपं घरचं आहे.

पिशवी ही शिवते म्हणाली. दोन कप्पे, एक कचऱ्याला, एक... तिने विचारलं, "दुसरा कशाला?" मी देवघराकडं बघितलं. तिने त्याला आतून पिवळं कापड लावलं. चेन लावू नको, नाडी लाव, असं मात्र सांगितलं. चेनही ओरडते.

२४ मार्च, मंगळवार
आलं. खोक्यातून काढून जोडलं तर उंच, बारीक, एक पाय मुडपून उभ्या असलेल्या बगळ्यासारखं.

चांदी कशी बोलते ते त्याला आणि मला शिकायला हवं. देवघरातला एक जुना टाक घेतला. भवानीचा. हरवलेल्या टाकाच्याच सोनाराचा, तेवढाच पातळ. हात जोडून विचारलं. ही दारात.

"देव मातीत पुरायलाव का?"

"मग कसं करू?"

ती आत गेली. बांबूची पाटी माती भरून आणली. पाटावर टाक ठेवला, भंडारा वाहिला, वर पाटी धरली तिने. "आता फिरवा. देव पाटावर हाय, माती वर हाय. झालं?"

यंत्र फिरवलं. मातीचा घरघर आवाज, आणि मधूनच एक गोड, बारीक सूर. लहान मूल झोपेत हुंकार देतं तसा. हिलाही ऐकवला. तिचे हात पाटीच्या वजनाने थरथरत होते तरी म्हणाली, अजून एकदा.

२९ मार्च, रविवार
पहाटे रानात. पहिल्या पावलापासून यंत्र ओरडत सुटलं. इकडं वळवलं तरी, तिकडं वळवलं तरी. मला वाटलं, खालची जमीन टाकांनीच भरली आहे. खुरप्याने जागोजागी टोकरलं, काही नाही. आबा बांधावर तंबाखू मळत बघत होते.

"गंगाधर, हंडे किती निघाले?"

"आबा, आवाज सगळीकडंच यायलाय."

"आरं, तू हाललास की वरडतंय ते. तुझ्या पायात काय हाय?"

पायात टायरच्या तळव्याच्या वहाणा. चांभाराने खिळे ठोकून दिलेल्या. तो म्हातारा व्हिडिओत रबरी बूट घालून का चालतो ते आज कळलं. वहाणा काढून बांधावर ठेवल्या. बोटातली तांब्याची अंगठीही. यंत्र गप्प झालं. नुसती मातीची घरघर, दूरच्या पाण्यासारखी.

अनवाणी चाललो. वाईट नाही वाटलं. देवळातही असंच जातो.

आबा जाताना म्हणाले, "निघालं तर निम्मं माझं. रान माझं हाय." हसत म्हणाले, पण म्हणाले.

५ एप्रिल, रविवार
तीन-चार दिवस रोज तासभर. मग ऊन पायाला लागतं.

निघालं ते: बैलाच्या पायातल्या नालाचा तुकडा. फाळाचं टोक. मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीचं अर्धं पातं, हे आमचंही असेल. आणि फवारणीच्या बाटल्यांच्या झाकणाखालचं चंदेरी सील, पुष्कळ. रोज तेच. त्याचा सूर टाकासारखाच आहे. अगदी तसाच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गुडघ्यावर बसून, देवाचं नाव घेत उकरलं आणि हातात कीटकनाशकाचं सील आलं. हसावं की काय करावं...

यंत्राला हा सूर गाळायला सांगता येतं. सलीमभाईंनी बटण दाखवलं होतं. पण मग देवही गाळला जाईल. म्हणून बटण तसंच ठेवलंय. प्रत्येक सील उकरायचं. प्रत्येक वेळी तोच असेल असं धरून.

कचऱ्याचा कप्पा जड. पिवळा रिकामा.

९ एप्रिल, गुरुवार
पालमला जाऊन आलो. परभणीला बस बदलली. आक्का अंगणात तूर पाखडत होती. सगळं सांगितलं. सूप खाली ठेवलं तिने.

"तुला कुणी सांगितलं व्हतं?"

"कुणी न्हाई."

"मंग? मी बोलले का कधी तुला? बानं घातलेला शब्द हाय, बाचा अन् माझा हाय. तू मधी कशाला?"

मी म्हणालो, आक्का, तिथं तळं व्हायलंय. तृतीयेनंतर. तूर तशीच, वारा भुसा अंगणभर नेत होता. मग म्हणाली, "मेंढरांचा वाडा निंबाच्या उगवतीला व्हता. तू कुठं हुडकायलास?"

मावळतीला. इतके दिवस मावळतीला चाललो.

ये म्हणालो. म्हणाली, मी येणार न्हाई. जेवून जा.

१२ एप्रिल, रविवार
उगवतीच्या बाजूला. सील कमी, मातीची घरघर जास्त. दुपारी झोपलो तर स्वप्नात मातीखालून कळप चालला होता, गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, आणि वडील वर भेगांवरून जपून पाय टाकत होते, कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. उठलो तेव्हा हेडफोन उशाला. मशीन बंद होतं.

१५ एप्रिल, बुधवार
काही नाही. अंगठ्याला चीर पडली. ही म्हणते, रबरी चपला घ्या. घेतो म्हणालो. आबांनी चुन्याने तळ्याची आखणी केली, पांढरा चौकोन. निंब बाहेर राहिला, त्याची उगवत आत गेली.

१७ एप्रिल, शुक्रवार
सकाळी बांधावर कुणीतरी बसलेलं. आक्का. पहाटेच्या गाडीने आली, घरी न जाता थेट रानात. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. आखणीचं हिनेच फोनवर सांगितलं असावं.

"कुठं ते तुझं कानात घालायचं?"

पदरावरूनच हेडफोन घातले. मी यंत्र तिच्या हातात दिलं, दांडा तिच्या उंचीला कमी केला. ती तबकडी झाडू मारल्यासारखी फिरवत होती, मी म्हणालो, हळू, जमिनीला लागून. थोड्या वेळाने थांबली.

"गंग्या, हे मेंढरं बसल्यासारखं वाजायलंय रं. रातच्याला रवंथ करतेत तसं."

मला इतके दिवस ते पाणी वाटत होतं.

ती निंबाकडं बघून चालली, मागं वळून बघितलं, पुन्हा चालली. एका जागी यंत्र फिरवून थांबली. नुसती उभी. मी हेडफोनची एक बाजू कानाला लावली. खूप खालून, मधूनच, तो सूर. तबकडी एका बाजूने नेली की येत होता, उलट्या बाजूने पुसट. पण होता.

खुरपं लागेना. माती दगडासारखी. मी पहार आणायला निघालो तर आक्का ओरडली, "पहार नको! पातळ पत्रा हाय. देवाचं डोकं फुटंल." मग पाणी. प्लास्टिकच्या कॅनने आणून भेगेत ओतलं. माती घटाघट पीत होती, थांबतच नव्हती.

आबा आले. "काय लावायलाव, कापूस का भुईमूग?" मग आक्काकडं बघितलं. ओळखलं त्यांनी. सवयीने म्हणाले, "निघालं तर निम्मं..."

"निम्मा कुठला घेता आबा? घोडा का देव?"

आबा इतके हसले की ठसका लागला. मग स्वतः जाऊन बोअरची नळी ओढत आणली आणि भेगेत सोडली. "रातभर भिजू द्या. उद्या लोणी होईल."

आक्का घरी आली. बाहेरच्या खोलीत जेवली, तिथंच आडवी झाली.

१८ एप्रिल, शनिवार
सकाळ. आक्का अंघोळीला गेली आहे. अंघोळीशिवाय कसं उकरायचं म्हणाली. हिने भंडारा कागदाच्या पुडीत बांधून दिलाय. कांडी, खुरपं, पिशवी दारात. यंत्राला चार्जिंग लावलं होतं, भरलंय.

सील असू शकतं. खोल गेलेलं जुनं सील. मला माहीत आहे, आणि मी तिला सांगितलंही आहे, कारण नसतं सांगितलं तर ते बरोबर झालं नसतं. ती म्हणाली, "व्हय, ऐकलं मी." एवढंच.

वडिलांच्या शब्दाचा विचार करतो आहे. रागात बोललेला माणूस जातो, मग तो शब्द कुणी उचलायचा? माझ्याने ते होत नाही. उकरणं होतं, ते करतोय.

आक्का ओले केस पुसत आली. दाराशी थांबली. देवघराकडं पाठ. मी चपलेचा नवा जोड पायात घालत होतो, तेव्हा वर न बघता तिने विचारलं,

"गंग्या, आतले देव अजून उगवतीकडंच तोंड करून बसतेत का रं?"

आजवर तिने आतलं काहीच विचारलं नव्हतं.

हो म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि पुडी कमरेला खोचून पुढं निघाली.