मास्क दुपारी लावला तर?

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

झोपेत ह्यांचा श्वास अडकतो म्हणून तुम्ही दिलेला मास्क ह्यांनी आधी भिरकावलाच. "मी काय बैल शे का, मुसकं बांधाले?"

आता सवय झाली. मास्क लावला की ह्यांना बोलता येत नाही, हे मला लवकर कळलं. लहानपणी सावद्याच्या बाजारात माझ्या हातून म्हैस सुटली, ती गोष्ट मी लग्नापासून सांगतेय. हे दरवेळी मधेच तोडतात. काल रात्री जेवण होताच मास्क चढवला आणि अर्धी सांगून टाकली. म्हणून विचारते, दुपारीही लावला तर चालेल का?

थांबा. आज झोपायला लावलेला मास्क ह्यांनी आत्ताच काढला. म्हणतात, "मंग त्या म्हैसनं काय व्हयनं व?"

पत्र राहू देते. म्हैस अजून सापडायची आहे.

तुमची आभारी,
प्रमिलाबाई, पारोळा