वाळत ठेवलेलं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

आज शबानाचं रक्त घेतलं. कंधारच्या सलीमभाई टेलरची ही मुलगी जन्मापासून एचआयव्हीसोबत जगते आहे आणि आता इथं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला आहे. सरकारी दवाखान्यात कुणी ओळखेल या भीतीनं ती जात नाही, म्हणून तिच्या गोळ्या-तपासण्या बघणारी मीच तिच्या मामीच्या घरी गेले; ती हॉस्टेलवरून तिथं आली होती. बोट टोचलं, पण ते गार पडलेलं. रक्ताचे थेंब वाळवून तपासणीला पाठवायच्या कार्डावरच्या पाच गोलांपैकी तीनच भरले.

"ताई, ह्यात काय दिसंल?"

"रक्तात विषाणू किती आहेत ते."

"मग मीच सांगते. दिवाळीपास्नं गोळ्या बंद हायेत."

हॉस्टेलच्या खोलीत चौघी राहतात. एकीनं डबी पाहिली तेव्हा ही म्हणाली, ताकदीच्या गोळ्या आहेत. ती म्हणाली, मग मला पण दे. त्याच दिवशी हिनं सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले.

"परीक्षा झाल्यावर घीन. अब्बूला सांगू नका, ते घरी घिऊन जातील."

कार्ड वाळेपर्यंत त्या तीन गोलांवरच्या माश्या हाकत बसले. कशासाठी? अहवालात काय येणार ते कळलंच होतं. परीक्षेपर्यंत तिचं शरीर तग धरेल का?

तेवढ्यात सलीमभाईंचा फोन. बायको याच आजारानं गेली, तेव्हापासून त्यांचा माझ्यावर भरवसा.

"ताई, पोरगी गोळ्या टायमावर खाऊन राहिली ना?"

समोर शबाना पुस्तकाचं पान उलटायची थांबली.

"हाव भाई," मी म्हणाले.