कडी लावलेला राणीछाप रुपया

मी, आप्पासो बिराप्पा मेटकरी, वय ७४, धंदा मेंढरांची दलाली (आता बंद), रा. दिघंची, ता. आटपाडी, जि. सांगली, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात वा भिडेत न येता हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मला दोन अपत्ये. थोरली पूजा, कोरेगावला दिली. धाकटा सूरज, माझ्याजवळ. पत्नी भामाबाई चार वर्षांपूर्वी वारली.

१. राहते घर सूरजला. त्यातली उगवतीकडची खोली पूजा माहेरी येईल तेव्हा तिची. तिला कुलूप लावू नये.

२. माळाची जमीन दोघांना निम्मी निम्मी. पूजा “मला नगं” म्हणेल. तिचे ऐकू नये.

३. बँकेतल्या ठेवीतून माझे दिवस साधेपणाने घालावेत, उरेल ते दोघांत सारखे. मोठा मांडव घालून गावाला दिपवू नये.

४. लोकर कातरायची कात्री सूरजला. घोंगडे माझ्याबरोबर द्यावे. नाथाजी खरात याने खरसुंडीच्या जत्रेत माझे गिऱ्हाईक फोडले होते. तो राग मी कोणाच्या नावे करीत नाही. साक्ष मात्र त्याचीच घेतली आहे, कारण माझ्या बाजूने तो खोटे बोलणार नाही याची खात्री आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकील म्हणाले, ते ऐकून बरे वाटले.

५. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. राणीछाप चांदीचा रुपया एक, डाख देऊन कडी बसवलेला. तो माझ्या आईच्या गळ्यात होता, मग भामाबाईच्या. पूजाला सासरी पाठवताना भामाबाईने स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातला.

दोन वर्षांमागे सूरजने मोबाईलवर पाहिले की, असल्या रुपयाला दहा लाख मिळतात. भाऊबीजेला पूजा ओवाळायला आली तर पाटावर बसता बसता म्हणाला, “आक्का, धा लाखाचा डाग गळ्यात घालून हिंडतीस, आन् मी हितं मेंढरांमागं.” पूजाने ताट खाली ठेवले, दोरा तोडला आणि रुपया माझ्या पुढ्यात ठेवला. “आबा, ह्यो तुमच्यापाशीच असू द्या. मला न्हाई पायजे.” त्यानंतर ती दिवाळीला आलेली नाही. भामाबाई गेली तेव्हा रडलो आणि मोकळा झालो. हे मात्र आत सलत राहिले आहे.

मी रुपयाचा खरा भाव काढायचे ठरवले. उभा जन्म जत्रेत रुमालाखाली सौदे केले. हातावर रुमाल टाकून बोटे दाबायची, म्हणजे शेजारच्याला आकडा कळत नाही आणि एकाच्या बोलीने दुसऱ्याची बोली फुगत नाही. इथेही तेच केले. सांगलीच्या सराफाचा आकडा विट्याच्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला सांगितला नाही, आणि त्या दोघांचा पुण्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात सांगितला नाही. तिथल्या बाईंनी लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या नाण्यांचे आकडे दाखवले. मोबाईलवर दिसते ते नुसते मागणे असते. बाजारात बोकडाला सोन्याचा भाव मागायला कोणाचे काय जाते?

बाई म्हणाल्या, “आजोबा, कडीचा डाख आहे, शिवाय कुणीतरी फार घासलंय. राणीचं नाक गेलंय. संग्रह करणारा हे घेणार नाही. चांदीच्या वजनाचे पैसे येतील.” घासणारी भामाबाई. दर दसऱ्याला चिंच लावून लखलखीत करायची आणि भंडाऱ्यात ठेवून बिरोबाला दाखवायची. शौकिनांना म्हणे काळा पडलेलाच रुपया हवा असतो. आमच्यात काळा रुपया देवापुढे कोण ठेवील?

तिन्ही ठिकाणचे आकडे जवळजवळ सारखे आले, म्हणजे भाव खरा. सूरजला सांगितले, तर म्हणाला, “आबा, तुमी आक्काचीच बाजू घेनार.” त्याचेही चुकले नाही. दलालाच्या शब्दावर जाऊ नये हे मीच त्याला शिकवले आहे.

म्हणून हा रुपया मी सूरजला देतो. दहा लाख असतील तर दहा लाख त्याचे. त्याने स्वतः तीन ठिकाणी जावे, एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नये. “आधी नोंदणीचे पैसे भरा” म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा. घेणाराच विकणाऱ्याकडे पैसे मागतो, असा व्यापारी मी पाहिलेला नाही.

मग त्याने कोरेगावला जावे. माझा तांबडा रुमाल पेटीत आहे, तो बरोबर न्यावा. आक्काच्या हातावर टाकून निघालेला भाव तिला बोटांनी सांगावा. तोंडाने सांगताना लाज वाटेल, म्हणून रुमाल. बोटे पूजाला कळतात, लहानपणी तिला मीच शिकवली. सौदा तुटला तर हात झटकून घेतात. सूरज, तू हात धरून ठेव.

पुढे काय करायचे ते तुला कळेल. कडी ढिली झाली आहे. तिच्या गळ्यात घालण्याआधी सोनाराकडून नवा डाख मारून घे. भाव आणखी पडेल. पडू दे.

वरील मजकूर वाचून घेतला, माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

(सही) आप्पासो बिराप्पा मेटकरी

साक्षीदार:
१. (सही) नाथाजी अर्जुना खरात, दिघंची
२. (सही) श्रीमती विजयमाला जोतिबा हाके, निवृत्त शिक्षिका, आटपाडी

ठिकाण: आटपाडी
दि. १४ नोव्हेंबर २०२५