गच्चीवरच्या तीन मधपेट्यांची निरवानिरव

मी, मल्हारराव उमाजी भोईटे, वय एकाहत्तर, वीज खात्यातून निवृत्त, राहणार थाटीपुर, ग्वाल्हेर, आज डोकं ताळ्यावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करीत आहे. डोकं ताळ्यावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घरच्यांनी अद्याप दिलेला नाही. आमचे पूर्वज तलवार घेऊन ग्वाल्हेरला आले. मी जाळीची टोपी घालून गच्चीवर गेलो आणि मरता मरता वाचलो.

कलम १. राहतं घर व बँकेतल्या ठेवी माझी पत्नी सौ. सीमंतिनी हिला, तिच्यानंतर मुलगा पुष्कर याला.

कलम २. मध काढायचं यंत्र पुष्करला. तो पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो, तेव्हा ते लिफ्टमध्ये मावतं का हे त्याने आधी पाहावं. पन्नास पेट्या होतील या अंदाजाने मी ते आणलं. पेट्या तीनच्या पुढे गेल्या नाहीत आणि यंत्रात सध्या गहू आहेत. "बाबा, मध दुकानात मिळतो," असं पुष्कर तेव्हा म्हणाला होता, म्हणूनच ते त्याला.

कलम ३. मधमाशीपालनाची पुस्तकं ज्याला हवीत त्याने न्यावीत. सुरुवातीची पानं लाल शाईने अधोरेखित आहेत, पुढची कोरी. फूलबागेतल्या प्रदर्शनात दोन दिवसांचं शिबिर केलं आणि मला सगळं येतं असं वाटू लागलं. पहिल्याच वसंतात अर्ध्या माश्या राणीला घेऊन शेजारी गेल्या.

कलम ४. शेजारी म्हणजे दिग्विजयसिंह. माश्या त्यांच्या कूलरवर जाऊन बसल्या, तेही मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं; दरवर्षी पाठवलेला मध मात्र ठेवून घेतला. याबद्दल त्यांना इथे चार शब्द सुनावायचं मी पक्कं केलं होतं. पण या फाल्गुनात पाहुण्यांसमोर बढाई मारत मी टोपी न घालता पेटी उघडली. मानेला एकच माशी चावली. ओठ सुजले, श्वास अडकला. दिग्विजयसिंहांनीच मला उचलून गाडीत घातलं. रस्ताभर म्हणत होते, "आँखें खुली रखिए भाईसाहब, अभी हमारा झगड़ा बाकी है।" इतकी वर्षं जपलेला राग त्यामुळे फुकट गेला. तो मी रद्द करतो.

कलम ५. पुढचा डंख शेवटचा ठरू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी मी दोनदा चोरून वर गेलो. दोन्ही वेळा सीमंतिनीने जिन्यातच पकडलं. शेवटी या कागदाच्या पहिल्या मसुद्यात मी पेट्या माझ्या पश्चात तिच्या नावे लिहिल्या आणि मोठ्या उदारपणे तो तिला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर त्या पेट्यांचं मी काय करू? द्यायच्या तर जीते जी द्या. मला तुम्ही पाहिजे, मध नको."

आणि ती रडू लागली. एरवी मी विनोद करून सुटतो. या वेळी सुचला नाही. ती घाबरली आहे. मीही घाबरलो आहे. तोंडाने सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहितो.

सबब, बाकीची कलमं माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत, परंतु हे कलम उद्या सकाळपासून लागू होईल. तिन्ही पेट्या, टोपी, हातमोजे व धूर द्यायचा डबा हे सगळं सीमंतिनीच्या मालकीचं. तिला आजवर एकही माशी चावलेली नाही, कारण ती पेटीजवळ भाषण करत नाही.

जिन्याच्या जाळीच्या दारामागे खुर्ची टाकून, चहा पीत, तिला काम करताना पाहण्याचा हक्क मी तहहयात राखून ठेवतो. मधूनमधून सल्ला देण्याचा हक्कही राखला होता. तो सीमंतिनीने स्वतःच्या हाताने खोडला असून खाडाखोडीवर माझी सही घेतली आहे.

दोन्ही साक्षीदारांच्या देखत, वाचून व समजून सही केली.

मल्हारराव उमाजी भोईटे

साक्षीदार:
१. दिग्विजयसिंह, शेजारी (सही हिंदीत)
२. उषाताई रघुनाथराव जाधव, समोरच्या घरात राहणाऱ्या

ग्वाल्हेर, १४ एप्रिल २०२५