हलणारा धोंडा

आबा, काल मी तुमच्या ओढ्यावर गेले होते. कामासाठी, तुमच्यासाठी नाही. पाटबंधाऱ्याच्या कामावर मी आता ओव्हरसियर आहे. वर्षातले दहा महिने असतो तसा ओढा कोरडा होता. पात्राला मोजणीची साखळी लावली, उतार काढला आणि मग त्या दोन खडकांमधली फट मोजली. आठ फूट. तुमची काहील सात फुटांची होती.

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असलं की गूळ आटवायची ती लोखंडी काहील तुम्ही नावेसारखी पाण्यात घालायचात. ती गरगरू नये म्हणून तळाशी मधोमध सव्वा मणाचा सपाट धोंडा ठेवायचात. त्या दिवशी वरच्या अंगाला पाऊस पडून ओढा तांबडा, फेसाळत आला होता. आपल्याला पलीकडे, शिरूरच्या बाजाराला जायचं होतं. आई म्हणाली, "पाणी उतरू द्या की."

"बाजार काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?"

आई बसल्यावर काहील फार दबली, म्हणून तुम्ही धोंडा काढलात आणि त्याच्या जागी मला बसवलंत. "हिथं बस. तू धोंडा हायेस. धोंडा हलत न्हाई आन् बोलत बी न्हाई." मी दहा वर्षांची, पाऊण मणही भरत नव्हते. काहील गरगरते आहे. तुम्ही वल्ह्यानं धारेशी झोंबताय आणि धार आपल्याला खडकावर नेते आहे. मला खडक दिसतोय. तुमची पाठ आहे तिकडे. काहील कलली, आईनं सावरायला पाय बाहेर टाकला आणि काहिलीचा काठ आणि खडक यांच्यात तो सापडला.

काठावर माणसं धावली. तुम्ही त्यांना म्हणालात, "पोरगी हलली, दुसरं काय!" त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत तीन वर्षं, पाहुण्यांपुढे तेच. "ह्यो आमचा हलणारा धोंडा." पाहुणे हसायचे. आई अजून लंगडते. तिनं कधी कुणालाच बोल लावला नाही, त्याचाही मला राग येतो.

आज मी गणित मांडलं. उतार, फट, पुराची खूण, तिघांची वजनं. धोंडा काढलात तेव्हाच काहील तुमच्या हातातून गेली होती. चूक तुमची होती.

हा कागद मापवहीतच राहील. तो आईला कुणी वाचून दाखवलेला मला नको आहे. गणितात मी माझं वजन स्थिर धरलं आहे, आणि ते स्थिर नव्हतं. खडक लागायच्या आधी मी उठले होते, तुमच्या हातातलं वल्हं हिसकायला.