वाऱ्याच्या उलट, बायकोकडे

३ ऑक्टोबर, सकाळ
निर्णय पक्का. बायकोला परत आणायचं. ती तलावापलीकडे मेहुणीकडे जाऊन बसली आहे. मी ऐकून घेत नाही, असं काहीतरी तिचं म्हणणं होतं. नीट आठवत नाही, तेव्हा मी हवा भरायचा पंप शोधत होतो.

गाडीने जाणं म्हणजे नाक घासत जाणं. मी पाण्यावरून जाणार. तिच्याच पॅडलबोर्डवर, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या सपाट तराफ्यावर उभा राहून, हातात विंग धरून. विंग म्हणजे हवा भरलेलं छोटं शीड. बघून तोंडात बोटं घालेल.

४ ऑक्टोबर
वारा तिकडून इकडे वाहतो. किरकोळ अडचण.

५ ऑक्टोबर
पहिला प्रयत्न. बोर्ड पुढे जायच्या ऐवजी आडवा सरकतो. आमच्याच काठावरच्या पंपहाऊसच्या मागे चिखलात जाऊन लागलो. बोर्ड डोक्यावर घेऊन रस्त्याने परत. शेजारीण म्हणाली, काय हो, पडलात का पाण्यात. म्हटलं, टेस्टिंग चाललंय.

६ ऑक्टोबर
व्हिडिओ पाहिले. दोष माझा नाही, बोर्डाचा आहे. पॅडलबोर्डाला मधोमध पाण्यात उतरणारं पातं नसतं, म्हणून तो वाऱ्याच्या उलट चढत नाही, नुसता वाहवत जातो. पातं बसवलं की झालं. प्लायवूड हवं होतं. तिच्या कपाटातली मधली फळी काढली. रिकामीच होती.

८ ऑक्टोबर
फळी बोर्डाच्या कडेला पट्ट्यांनी बांधली. मजबूत काम. साडूचा फोन आला. म्हणाला, अरे, गाडीने ये, पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, ती काही दार लावून घेणार नाही. मी म्हटलं, रविवारी येतोच, सगळे काठावर उभे राहा. त्याला विंगमधलं काय कळतंय.

११ ऑक्टोबर, रविवार
बोर्ड खरंच वाऱ्याच्या उलट चढला. क्षणभर. मग फळी तिरकी झाली आणि मी पाण्यात. पुन्हा पंपहाऊस. साडू फोनवर सांगत होता, ती बराच वेळ काठावर उभी होती, मग आत गेली. म्हणजे उत्सुकता आहे. फळी फुगली. वार्निश लावायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर
वार्निशचा दुसरा हात. ते वाळेपर्यंत फोन करायचा नाही असं ठरवलं. बोलण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं. रेडिओ लावला, बंद केला. तिची फार आठवण येते. पण आधी फळी.

१८ ऑक्टोबर, रविवार
निघायच्या तयारीत होतो, तर तीच आली. साडूने गाडीतून सोडलं. मला वाटलं, झालं काम. ती म्हणाली, बोर्ड न्यायला आलेय, आता तिकडेच राहायचं ठरवलंय. मी म्हटलं, अगं, तासभर थांब, आज वारा चांगला आहे, मीच घेऊन येतो. तिने विचारलं, आणि येऊन काय बोलणार होतास?

याची तयारी केली नव्हती. मी म्हटलं, आधी पोचू तर दे.

तिने वाकून पट्टे सोडले, फळी माझ्या हातात दिली, वल्हं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून निघाली. वाऱ्याच्या तोंडावर, सरळ.

हाक मारणार होतो. पण उलट्या वाऱ्यात आवाज पोचत नाही, म्हणून मारली नाही. तेव्हा ती हाताच्या अंतरावर होती.