अर्धा जुळलेला भाऊ

लायडन, शनिवार

ती. रेन्स्के आत्या,

नमस्कार. मेंढ्या आणि तुझा गुडघा दोन्ही ठीक असतील (गुडघा आधी लिहायला हवा होता). तू फोन घरी ठेवून कुरणात जातेस, म्हणून पत्र.

आपला धाकटा फोप्पे आहे तसाच. सहा वर्षांचं पोर, रक्तात जंतूंशी लढणारं सैन्य जन्मापासून नाही, पण काचेच्या खोलीत बसून सगळ्यांना कामाला लावतं. त्याला हाडातली मज्जा द्यायला म्हणून मी पोर्तुगालहून आलो (बसने; वाटेत बोर्दोला दोन दिवस गेले, तिथल्या चीजचं मागाहून सांगतो). रक्त तपासायला दिलं आणि निकालाआधीच वॉर्डात मलईचे केक नेले. आपल्यात ज्याला आनंद झाला त्यानेच खिलवायचं ना? नर्सने दारातच अडवलं. मग कळलं, मी अर्धाच जुळतो. शाळा अर्धी, नळजोडणीचा कोर्स अर्धा, आता मज्जाही अर्धी.

त्यात डॉक्टरीणबाईंनी नव्या उपचाराची चाचणी सुचवली. फोप्पेच्याच पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत दुरुस्त करायच्या आणि पिशवीत भरून त्यालाच परत द्यायच्या. म्हणजे माझं कामच नाही. लोक माणसांवर जळतात, मी अजून न भरलेल्या पिशवीवर जळतोय. आई त्या पिशवीबद्दल असं बोलते, जणू तीच तिचा शिकलासवरलेला थोरला मुलगा. फोप्पे काचेआडून म्हणाला, "तुझ्या पेशी नकोत मला. दोन दिवसांत फिरायला निघून जातील." आई हसली. तिने हसायला नको होतं.

बाकी क्षेम. इथे सायकलीला दोन कुलपं लावावी लागतात.

तुझा भाचा,
सीत्से

ता. क. बाबांना येत्या गुरुवारी बेटावरून सकाळच्या बोटीत बसवून इकडे पाठव. चाचणीला आईबाबा दोघांच्या सह्या लागतात, आणि त्या संध्याकाळनंतर फोप्पेची चाचणीतली जागा दुसऱ्या मुलाला जाईल. बाबा म्हणतात, घरचा भाऊ असताना प्रयोग कशाला.

ता. क. २. हे त्यांच्या डोक्यात मीच भरवलं. आधीच्या दोन मुलांचं बरं झालं नाही, असं फोनवर ठोकून दिलं. तसं कोणीच म्हणालं नव्हतं. आतापर्यंत आठ मुलांवर हा उपचार झाला, आठही बरी होऊन घरी आहेत. धोका आहे, तो डॉक्टरीणबाईंनी समोर बसून सांगितलाय. माझ्या अर्ध्या मज्जेत त्याहून जास्त आहे. काल बाबांना खरं सांगितलं, तर म्हणाले, "सुईला घाबरलास होय रे? म्हणून आता पलटतोस." तुझं ते ऐकतील. मला भित्रा म्हणायचं तर म्हणू देत, पण बोटीत बसव.